नऊ झोळ्यांची खोली

११ नोव्हेंबर, मंगळवार

सत्त्याण्णव! मीटर बिघडलं असेल म्हणून बॅटरी बदलली, पुन्हा धरलं — सत्त्याण्णव डेसिबल. भगवानरावांच्या जिनिंगात, मशीनच्या दोन रांगांच्या मधोमध उभं राहून मोजलं. चोवीस मशीन एकदम चालतात. कापूस आत जातो, रुई एकीकडे, सरकी खाली, आणि आवाज चहूकडे. बाहेर आले तरी तासभर कानात शिट्टी वाजत होती.

सरांना पुण्याला फोन केला. सर खूश! "असाच आवाज हवा होता आपल्याला." पीएचडीच्या मार्गदर्शकाला विद्यार्थिनीच्या कानांपेक्षा आकडे प्यारे. चार वर्षं मी संगणकावर पत्रे थरथरवतेय, खऱ्या पत्र्याला एकदाही हात लावलेला नाही. आता शेवटच्या प्रकरणासाठी खरी इमारत पाहिजे, आणि ती सापडली कुठे, तर माझ्याच गावाबाहेर, सिरसाळ्यात. काखेत कळसा! कॉलेजातून फेब्रुवारीपर्यंत रजा घेतलीय आणि आईच्या हातचं आयतं खातेय.

पण आज एक गोष्ट बघितली आणि ती डोक्यातून जात नाही. हॉलच्या पश्चिमेच्या खांबांना झोळ्या बांधल्यात. लुगड्यांच्या. मोजल्या — नऊ. प्रत्येकीत एक लेकरू. कापूस निवडणाऱ्या बायकांची. त्या सत्त्याण्णवात नऊच्या नऊ लेकरं गाढ झोपलेली.

१२ नोव्हेंबर, बुधवार

वच्छलाबाईंशी बोलले. साठीच्या असतील. निवडणाऱ्या बायकांच्या म्होरक्या. मला बघताच म्हणाल्या, "मास्तरांची धना न्हवं का तू?" अप्पा जाऊन सहा वर्षं झाली, पण गावात मी अजून मास्तरांचीच धना. धनश्री फक्त प्रबंधाच्या मुखपृष्ठावर.

लेकरांना इथे का आणता, विचारलं. "मग कुठं ठिवावं? घरी कोन हाय? सासवाबी कामालाच जात्यात." आणि मग कौतुकाने, "मशीन चालू झाली की पडल्या पडल्या झोपत्यात बघ. अंगाई म्हनायचं कामच न्हाई."

मी म्हटलं, मावशी, कानांचं काय? त्यांनी कानामागे हात धरला. "आँ?"

बत्तीस हंगाम झालेत त्यांचे. हॉलमध्ये बायका बोलतच नाहीत, हातांनी खुणा करतात. पाणी, जेवण, मालक आला, लेकरू रडतंय — सगळ्याला खूण आहे. मला गंमत वाटली होती काल. आज नाही वाटली.

१५ नोव्हेंबर, शनिवार

भगवानरावांकडे गेले. सरळ सांगितलं, काका, एवढ्या आवाजात मोठ्या माणसानेही अर्ध्या-पाऊण तासाच्या वर थांबू नये. ही लेकरं आठ-आठ तास आहेत.

माणूस वाईट नाही. पक्का आहे. पंचायत समितीत दहा वर्षं काढलेला माणूस, होला हो म्हणत नाही आणि नाहीला नाही म्हणत नाही. म्हणाले, "लेकरं आनू नका म्हनलं तर बाया येनार न्हाईत. बाया न्हाई आल्या तर जिनिंग कोन चालवनार, मी का तुझे सर?"

मी तोंडातून बोलून गेले — मी खोली बांधून देते. हॉलच्या आतच, शांत खोली. बोलल्यावर वाटलं, जीभ चावावी! पत्र्यांवर आकडेमोड करणारी मी, बांधणार काय डोंबल!

पण ते विचारात पडले. शेडचे उरलेले पत्रे पडून आहेत म्हणाले, गावातला मुस्तकीम वेल्डिंग करून देईल म्हणाले. मग बोट वर केलं. "संक्रांतीपतूर बघनार. लेकरं तितं झोपली तर खोली लेकरांची. न्हाई झोपली तर माझं स्पेअरपार्टचं सामान जाईल तितं. आन एक ध्यानात ठिव पोरी. लेकराला काई झालं, असं एक शब्द जरी भाईर आला, तर लेकरं आननंच बंद. समद्यांची. मला ताप नको."

म्हणजे नऊ लेकरांचे कान आणि नऊ बायकांचं काम, दोन्ही माझ्या गळ्यात. शाबास धनश्री.

१९ नोव्हेंबर, बुधवार

आईने विचारलं, "तू नेमकं काय शिकतीस गं?" चार वर्षांत पहिल्यांदा विचारलं! सोपं करून सांगितलं. इथेही लिहून ठेवते, मलाच नीट कळतं मग.

पत्र्याला हळू, जाड आवाजाने हलवलं तर तो मोजक्याच तऱ्हांनी हलतो. पाच-दहा तऱ्हा. त्या एकेक करून मोजता येतात, वर्गात दहाच पोरं असली की हजेरी नाव घेऊन घ्यावी तशा. पण आवाज बारीक आणि तीक्ष्ण होत गेला की त्याच पत्र्याच्या हलायच्या हजारो तऱ्हा होतात. एकेक मोजू गेलं तर संगणक दमतो, आणि उत्तर आलं तरी खोटं. एक बोल्ट जरा सैल निघाला की सगळं बदललं.

म्हणून आमची पद्धत वेगळी. नारायणगडच्या यात्रेत कोण कुठल्या गावचा, कोण कुठे चाललाय, हे विचारायचंच नाही. आवारात किती गर्दी, दर्शनबारीतून मिनिटाला किती माणसं पुढे सरकतात, मागच्या दाराने किती बाहेर पडतात, एवढंच. आवाजाचंही तसंच. हॉलमधल्या हवेत किती ऊर्जा, त्यातली बाहेरच्या पत्र्यात किती जाते, पत्र्यातून मधल्या पोकळीत किती, तिथून आतल्या पत्र्यात, तिथून खोलीत. आणि प्रत्येक ठिकाणी किती विरून जाते. एकाचा हिशेब नाही. सरासरीचा.

आई म्हणाली, "म्हणजे कुणाचंच नाव घ्यायचं न्हाई व्हय?" मी म्हटलं, हो, तीच तर युक्ती आहे. तिला काही ते पटलं नाही. पोळी लाटत राहिली.

२४ नोव्हेंबर, सोमवार

जिनिंगातली वीज गेली. चोवीसच्या चोवीस मशीन बंद. काय शांतता! छपरात चिमण्या आहेत हे आज कळलं. आणि लगेच झोळ्यांतून रडण्याचा गलका. आवाज थांबला म्हणून लेकरं उठली! बायका हसून हसून बेजार. मीही हसले.

२ डिसेंबर, मंगळवार

मुस्तकीम म्हणजे अजब माणूस. चाळिशीचा, सिरसाळ्यात वर्कशॉप, ट्रॉल्यांच्या बॉड्या बनवतो. मी नकाशा दाखवला — बाहेरून पत्रा, आतून पत्रा, मध्ये चार इंच जागा, त्यात आवाज शोषणारी आणि न जळणारी दगडी लोकर. दोन भिंतींचा सांगाडा वेगळा, एकमेकांना कुठेही शिवायचा नाही. खाली रबर. हवेसाठी पंखा, आणि पंख्याचा बोगदा दोनदा वळवलेला, कारण हवा येते त्याच वाटेने आवाज येतो.

त्याने नकाशा उलटा-सुलटा करून बघितला. "मॅडम, मधी कापसाची रद्दीच भरू की. फुकटची हाय."

जिनिंगात कापूस भरून खोली, आणि आत लेकरं! एक ठिणगी पडली तर? मी ओरडलेच. तो कानाला हात लावून म्हणाला, "तौबा तौबा. ध्यानातच आलं न्हाई." हॉलमध्ये वेल्डिंग नाहीच करायचं. भिंती त्याच्या वर्कशॉपमध्ये बनवायच्या, ट्रॉलीतून आणून बोल्टने जोडायच्या. भिंती शिवू द्यायच्या नाहीत, हे मी तीनदा सांगितलं. तीनदा "हाव मॅडम" म्हणाला.

९ डिसेंबर, मंगळवार

सर्दी. दिवसभर घरी. आईचा काढा. माझ्या हिशेबाने खोलीत साठ डेसिबल यायला हवेत, फार तर बासष्ट. साधं बोलणं असतं तेवढं.

१२ डिसेंबर, शुक्रवार

अठ्ठ्याहत्तर.

१३ डिसेंबर, शनिवार

सगळं पुन्हा तपासलं. दार, फटी, पंख्याचा बोगदा, रबर. हिशेब चार वेळा केला. अठरा डेसिबल म्हणजे थोडीथोडकी चूक नव्हे, ऊर्जेच्या भाषेत साठपटीच्या वर! सर फोनवर म्हणाले, "मॉडेल चुकलं असेल." चार वर्षं केलेलं मॉडेल! मी फोन ठेवून दिला. पहिल्यांदाच सरांचा.

मग आतल्या भिंतीवर तळहात ठेवला. पत्रा थरथरत होता. सगळीकडे सारखा नाही — दर दोन फुटांवर जास्त. एका रेषेत.

मुस्तकीमला गाठलं. हा पठ्ठ्या चहा पीत होता. दोन भिंतींच्या मध्ये काही टाकलंस का रे? तो छाती फुगवून म्हणाला, "टाकलं की! दर दोन फुटाला अँगलचा तुकडा, दोनी बाजूनं वेल्डिंग. चाळीस तुकडे. त्याबिगर भिंत डुलत व्हती मॅडम. लेकरांची खोली हाय, अंगावर पडली म्हंजे? आता हत्ती टेकला तरी हलनार न्हाई."

रागवू की रडू! चाळीस पूल बांधले त्याने, आणि आवाज त्यांच्यावरून ऐटीत चालत आत आला. पण त्याने जे केलं ते कामचुकारपणाने नाही केलं. ज्याच्या ट्रॉल्या उसाने भरून दहा वर्षं टिकतात, तो डुलणारी भिंत कशी सोडेल? हलणारं म्हणजे कच्चं, हे त्याच्या हातांत बसलंय. मी पण शहाणी, का शिवायचं नाही ते सांगितलंच नाही, फक्त नाही म्हणून सांगितलं.

त्याला खोलीत नेलं, मशीन चालू असताना. त्याचा हात पत्र्यावर तुकड्याच्या जागी ठेवला, मग मधल्या जागी. तो दोनदा हात फिरवून म्हणाला, "या अल्ला. हे तर मीच आनलं की आत."

१८ डिसेंबर, गुरुवार

भिंती पुन्हा वर्कशॉपला नेल्या, एक बाजूचे पत्रे उघडले, चाळीसच्या चाळीस तुकडे कापले. मुस्तकीमने सांगाडा दुप्पट जाड केला, भिंत डुलत नाही आणि शिवतही नाही. पुन्हा बसवली.

बासष्ट! मी मीटर नाचवत बाहेर आले. मुस्तकीम स्वतः आत गेला, दार लावून घेतलं, पाच मिनिटांनी बाहेर आला. "मॅडम, माझा श्वास ऐकू आला मला."

सरांना आकडा पाठवला. उत्तर — अंगठा. तेवढ्यावर आज मी राणी आहे.

२६ डिसेंबर, शुक्रवार

आठ दिवस झाले, खोलीत एकही लेकरू नाही.

बायका येतात, दार उघडतात, "लई भारी केलीस गं" म्हणतात, आणि झोळी पुन्हा खांबालाच. वच्छलाबाईंना शेवटी बाहेर अंगणात नेलं आणि मोठ्याने विचारलं, का? त्या म्हणाल्या, "आत काय चाललंय कसं कळावं? रडलं, पडलं, मुंगी चावली, तर?"

मी म्हटलं, मावशी, खांबाला असताना तरी रडलेलं कुठे ऐकू येतं?

"ऐकू न्हाई येत. पन दिसतं की!"

दिसतं! हात कापसात आणि डोळे झोळीवर, असं काम चालतं त्यांचं. दीड महिना रोज बघतेय मी हे. आणि खिडकी मी मुद्दाम काढून टाकली होती, कारण हिशेबात काचेतून आवाज सगळ्यात जास्त झिरपत होता. माझ्या हिशेबात हवा होती, पत्रे होते, पोकळी होती. आई नव्हती.

भगवानराव जाता जाता म्हणाले, "संक्रांत जवळ आली बरं का." त्यांनी आज बेअरिंगची दोन खोकी खोलीत ठेवलीत. तात्पुरती म्हणे!

२ जानेवारी, शुक्रवार

दुहेरी काच बसवली, लांबलचक, बायका बसतात तिकडे तोंड करून. मुस्तकीम अंबाजोगाईहून काच घेऊन आला, मांडीवर धरून. बासष्टचे सहासष्ट झाले. सरांना कळवलं नाही. बेअरिंगची खोकी उचलून भगवानरावांच्या ऑफिसात ठेवून आले. तात्पुरती!

५ जानेवारी, सोमवार

आज आठ आल्या आणि आठही लेकरं रडून रडून लाल. नव्या जागेला भ्याली असतील म्हणून मी खुळखुळा वाजवला, तोंडं वेडीवाकडी केली. मग डोक्यात उजेड पडला — वीज गेली तेव्हा काय झालं होतं? माझीच २४ नोव्हेंबरची नोंद! आवाज गेला की उठतात. जन्मापासून मशीन ऐकत झोपलेली लेकरं, आणि मी त्यांना शांततेत नेऊन टाकलं. त्या दिवशी हसत बसले होते, मूर्ख.

बारापर्यंत आठही झोळ्या परत खांबांना.

मग सायली आली. नववी. बाविशीची असेल, पालीकडची पोर, इथे दिली. कमी बोलते. तिची संस्कृती सव्वा वर्षाची, टपोरे डोळे, सगळ्यांकडे टक लावून बघते. सायलीने तिला आत झोळीत घातलं, दोन झोके दिले, आणि पाच मिनिटांत पोरगी झोपली! मी काचेला नाक लावून बघत होते. दोन तास झोपली.

भगवानराव आले, वाकून बघितलं, म्हणाले, "एक तर झोपली." आणि वच्छलाबाईंनी हाताने अशी काही खूण केली की सगळ्या बायका खोलीकडे बघायला लागल्या. नंतर त्या मला म्हणाल्या, "सायलीची झोपती, मंग आमची का म्हून झोपनार न्हाईत?"

सायलीला मिठी मारावीशी वाटली. म्हटलं, तुझ्या पोरीने वाचवलं बघ मला. ती नुसती हसली आणि कापसात हात घातला.

९ जानेवारी, शुक्रवार

वच्छलाबाईंची युक्ती — पंख्याचा आवाज वाढवा! पुण्यात कुणाला सांगितलं तर हसतील, शांत खोलीत मुद्दाम घरघर. पंखा जोरात केला. अडुसष्ट. आणखी तिघी आल्या. दोन लेकरं झोपली, एक चिडचिडं, पण राहिलं. संस्कृती रोज पहिली.

१४ जानेवारी, बुधवार

संक्रांत. आठ लेकरं खोलीत, सात झोपलेली! भगवानरावांनी काचेतून मोजली, दोनदा. मग माझ्या हातावर तीळगूळ ठेवला. "खोली लेकरांची."

मी तिथेच रडले. वच्छलाबाईंनी सगळ्यांदेखत माझी दृष्ट काढली, कापसाच्या बोळ्याने!

२० जानेवारी, मंगळवार

भगवानरावांनी तालुक्यातले चार जिनिंगवाले बोलावले होते. स्वतः सगळं समजावून सांगत होते, "दोन भिंती, पर येकमेकीला शिवायच्या न्हाईत, बरं का!" जणू त्यांनीच शोध लावला. मुस्तकीम इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. चौघांपैकी दोघांनी त्याला फोन नंबर विचारला. पुढच्या हंगामाला आणखी दोन खोल्या, असं जवळजवळ ठरलंच. पुढे आणखी किती होतील कोण जाणे. आनंद मावत नव्हता.

दार उघडं ठेवून आत दाखवत असताना कुणाचा तरी पाय दारापाशी टेकवलेल्या लोखंडी पहारीला लागला. पहार पत्र्यावर आपटली, खण्णकन! लेकरं सगळी दचकून उठली, एकच रडारड. पाहुणे हसत बाहेर. बायका धावत आत.

संस्कृती मात्र झोपलेली होती. हात डोक्याखाली, तोंड अर्धं उघडं. एक जिनिंगवाला म्हणालासुद्धा, "ही बगा, पक्की जिनिंगची पोर!" सगळे हसले. मीही हसले. मग सायलीकडे बघितलं. ती धावत आलेली नव्हती.

२१ जानेवारी, बुधवार

झोप नाही लागली नीट. सकाळी पंखा बंद केला, दार लावलं. संस्कृती जागी होती, पाठमोरी, बाहुलीशी खेळत. मागून टाळी वाजवली. किल्ल्यांचा जुडगा वाजवला. स्टीलच्या ताटलीवर चमचा. नाव घेऊन हाक मारली. मग पुढे जाऊन बसले, तर दोन्ही हात वर करून माझ्याकडे झेपावली, हसत.

चार वर्षं आवाजाचा अभ्यास करतेय मी. सोळा दिवस ही पोर माझ्यासमोर झोपतेय आणि मी तिची झोप प्रबंधात लिहिली. "पहिल्याच दिवशी दोन तास" — सहावं प्रकरण, तिसरं पान. काय करू? ती आधीपासून अशी होती, की झोळीत टांगली म्हणून झाली? हंगाम सुरू झाला तेव्हा कान तपासले असते तर कळलं असतं. बाकीच्या आठांचेही नाही तपासले मी. मी हॉल मोजत बसले.

२२ जानेवारी, गुरुवार

जिनिंगात गेले नाही.

२३ जानेवारी, शुक्रवार

सायलीला दुपारच्या सुट्टीत बाजूला घेतलं. कसं सांगावं ते दहा वेळा मनात घोकलं होतं, तरी अडखळले. तुझ्या पोरीचे कान एकदा दाखवूया म्हटलं. ती रडली नाही, काय झालं विचारलं नाही. खाली बघत म्हणाली, "कदी जायाचं?" मग, "ताई, कुनाला सांगू नका. जिनिंगच्या मालकाला तर न्हाईच."

मला वाटलं, लाजते बिचारी. मुलीची जात, उद्या लग्नाचं बघतील लोक. तिला म्हटलं, अगं यात लपवण्यासारखं काय आहे, लवकर कळलं तर मशीन मिळतं कानाचं, बोलायला शिकते पोरगी. एवढं मोठं व्याख्यान दिलं. तिने मान डोलावली.

२७ जानेवारी, मंगळवार

अंबाजोगाईच्या सरकारी दवाखान्यात तपासलं. दोन्ही कान. डॉक्टरीण म्हणाली, कधीपासून ते आता सांगता येणार नाही, पण मशीन लावून उपयोग होईल, वेळ गेलेली नाही.

परतताना एसटीत संस्कृती सायलीच्या मांडीवर. सायली खिडकीतून बघत बोलली, "दसऱ्यालाच कळालतं मला. तुमी खोली बांदाया लागला तवा म्हनलं, गप ऱ्हावं. मालकाला कळलं आसतं तर समद्यांचीच लेकरं बंद केली आसती त्यानं. बाकीच्यांची झोपनार न्हाईत, मला ठावं व्हतं. माझी झोपली आसती. तेवढी तरी झोपलेली दिसावी मालकाला."

मी विचारलं, मग मला तरी का नाही सांगितलंस?

"तुमी खोटं बोलला आसता का ताई?"